ट्रॅक्टरला मागे काय लावायचं?

टेकडीवर दोन गोष्टी कोणी न टाकता साठतात. पालापाचोळा आणि किस्से. पालापाचोळा निदान कुजतो. किस्से रोज सकाळी उतरताना कोणीतरी पुन्हा सांगतं आणि ते ताजेच राहतात. मी रात्री दोन ओळी लिहून ठेवतो, त्यामुळे मूळचं किती आणि नंतर वाढवलेलं किती, ते मला कळतं. इथे मूळचंच देतो. तेवढं पुरे आहे.

कोथरूडच्या बाजूने टेकडीवर फिरायला येणारा आमचा एक ग्रुप आहे. गेल्या पावसाळ्यातल्या वादळाने उजव्या उतारावरची गिरिपुष्पाची झाडं आडवी केली. त्या फांद्यांखाली कांबळे बाईंची रोपं दबली. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. बहावा, पळस, काटेसावर अशी रोपं त्यांनी लावली आणि खालून कॅनने पाणी नेऊन जगवली. आदल्या उन्हाळ्यात वणव्यात त्यांची वरची अख्खी रांग गेली होती. आता खालच्या रांगेवर सुक्या लाकडाचं पांघरूण. गवत वाळायच्या आत ते उचललं नाही तर एक विडीचं थोटूक पुरेसं होतं.

आमचे अध्यक्ष जोगळेकर म्हणाले, "काळजी नको. माझ्या जावयाने मुळशीला फार्महाउस घेतलंय, त्याच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे. प्रश्न एवढाच, की त्याला मागे काय लावायचं."

एवढाच प्रश्न होता. पावसाळा संपला, दिवाळी झाली, थंडी पडली. प्रश्न तेवढाच राहिला.

* * *

पहिली मीटिंग वरच्या कातळावर झाली. जोगळेकरांचं आयुष्य कारखान्यात मशीन डिझाइन करण्यात गेलेलं. काठीने मातीत आकृत्या काढत ते म्हणाले, "अवजार निवडण्याआधी कचऱ्याची व्याख्या ठरवली पाहिजे. पाचोळा, काटक्या, फांद्या, ओंडके. यातलं आपण कचरा कशाला म्हणणार आहोत?"

मनगटाएवढ्या जाडीला काटकी म्हणावं की फांदी, यावर दोन गट पडले. ऊन चढलं. शेवटी कोणीतरी बाईंना विचारलं, "बाई, तुमच्या मते कचरा म्हणजे काय?"

"जे पेटतं ते," बाई म्हणाल्या आणि कॅन उचलून पाणी घालायला गेल्या.

व्याख्या फारच ढोबळ आहे असं ठरलं आणि मीटिंग पुढच्या रविवारी ढकलली.

* * *

मग जोगळेकर आणि मी मार्केट यार्डाच्या बाजूला एका अवजारांच्या दुकानात गेलो. दुकानदार पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

"शेत किती?"

"शेत नाही. टेकडी आहे," जोगळेकर म्हणाले.

"आपली?"

"नाही."

"ट्रॅक्टर कुठला?"

"जावयाचा आहे."

दुकानदाराने आता पेपर खाली ठेवला. "मग आपलं काय आहे?"

"मत आहे," मी म्हणालो.

त्याने आम्हाला चहा पाजला. आम्ही मागितलेला रोटाव्हेटर मात्र दाखवला नाही. "ते माती घुसळतं. तुमच्या उतारावर चालवलं तर पुढच्या पावसात टेकडी खाली कोथरूडला येईल. तुम्हाला वर जायचे कष्ट पडणार नाहीत."

* * *

आमच्यात तरुण असा एकटा समीर. हिंजवडीला आयटीत आहे आणि त्याच्या मते प्रत्येक प्रश्नाचा व्हिडिओ आधीच कोणीतरी टाकलेला असतो. त्याने मोबाइल पुढे केला. परदेशातल्या एका जंगलात लोखंडी दातांचं एक अवजड धूड जमीन विंचरत चाललं होतं.

"हे बघा काका, रूट रेक. मुळासकट सगळं क्लीन. एकदम सॉर्टेड."

बाईंनी चष्मा लावून पूर्ण व्हिडिओ पाहिला. "समीर, मुळं माझ्या झाडांनाही आहेत रे."

"काकू, त्याला सेटिंग असतं."

"त्याला बहावा ओळखता येतो का?"

समीरने ग्रुपवर पोल टाकला. रेक, पुढचं डोझर ब्लेड, फांद्यांची कुट्टी करणारं मशीन, उसाच्या मोळ्या भरतात तो ग्रॅबर, असे पर्याय. सर्वसमावेशक दिसावं म्हणून शेवटी "अजून विचार करू" हाही दिला. तो प्रचंड बहुमताने निवडून आला.

* * *

विचार करून झाल्यावर जोगळेकरांनी प्रयोगच करायचं ठरवलं. जावयाचा ट्रॅक्टर आला, मागे कुठूनसं मिळवलेलं मोठं दाताळं. पायथ्याशी पहिली ओढ घेतली. फांद्यांचा ढीग झकास खाली आला. टाळ्या पडल्या. ढिगातून बाईंचा एक बहावा बाहेर डोकावत होता. मुळं वर.

टाळ्या थांबल्या.

"प्रयोगात एखादा नमुना जायचाच," जोगळेकर म्हणाले.

बाई गुडघ्यावर बसून हातांनी खड्डा करत होत्या. "अहो जोगळेकर, माझ्याकडे नमुने नाहीत. झाडं आहेत."

बहावा त्यांनी तिथेच पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी फांद्यांमधून वाट काढत त्या प्रत्येक रोपाशी एकेक बांबू रोवून आल्या आणि त्याला जुन्या लाल साडीची चिंधी बांधून आल्या. ट्रॅक्टरवाला मुळशीचा होता. प्रयोगाच्या दिवशी जाताना तो मला म्हणाला, "साहेब, म्या परत येतो. पर त्या बाई घरी हायेत का, आधी इचारून सांगा."

* * *

प्रयोगातून एक मात्र सिद्ध झालं. ओढणारं काही नको, वरून धरून अलगद उचलणारं हवं. म्हणजे ग्रॅबर. निवड झाली. जोगळेकरांनी सगळ्यांना पेढे वाटले.

पेढे संपल्यावर कळलं, की जावयाच्या छोट्या ट्रॅक्टरला ग्रॅबर लावला तर फांदीऐवजी ट्रॅक्टरच उचलला जाईल. मोठा ट्रॅक्टर ग्रॅबरसकट भाड्याने मिळत होता. त्याच्या मालकाला फोन केला.

"ऊस चालू आहे. कारखाने बंद झाले की येतो."

"कधी बंद होतात?"

"ऊस संपला की."

तोवर माघ सरत आला होता. गवत पिवळं पडून कडकडा वाजत होतं. शेजारच्या टेकडीवर एका दुपारी धूर दिसला, तेव्हा बाई पायथ्याशी उभ्या राहून तो विझेपर्यंत बघत राहिल्या. जोगळेकर त्यांना धीर द्यायला म्हणाले, "उशीर होतोय खरा, पण निवड शंभर टक्के बरोबर आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या. "रोपं जळाली तरी निवड शाबूत राहील."

* * *

होळीला आठवडा असताना खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिथे चार सोसायट्यांची पोरं क्रिकेट खेळतात, तिथे एक पाटी लागली. पांढऱ्यावर लाल, पोस्टातल्यासारखं स्वच्छ अक्षर.

"पायवाटेने वर गेल्यावर उजव्या हाताला पडलेले भरपूर सुके लाकूड होळीसाठी नेण्यास सक्त मनाई आहे. लाल चिंधीचे बांबू ओलांडणाऱ्यावर कारवाई होईल. हुकमावरून."

जोगळेकरांना पाटी आवडली. "बरं झालं. ग्रॅबर येईपर्यंत माल सुरक्षित राहील."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो, तर उजवा उतार मोकळा. ओंडके नाहीत, फांद्या नाहीत, काटकीसुद्धा नाही. नुसते बांबू उभे आणि प्रत्येकाशी एकेक रोप. एकही मोडलेलं नव्हतं. पायवाटेवर लाकडं ओढल्याच्या खुणा खालपर्यंत गेल्या होत्या.

"ही चोरी आहे," जोगळेकर म्हणाले. "तक्रार करायला हवी."

"करू या," बाई म्हणाल्या. "होळी होऊन जाऊ दे."

यंदा चारही सोसायट्यांच्या होळ्या दुसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या. ग्रॅबरवाल्याचा फोन आला, ऊस संपला, येऊ का? जोगळेकर त्याला काय म्हणाले ते मी लिहून ठेवलेलं नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीकडे निघालो, तर कोपऱ्यावर बाई स्टुलावर चढलेल्या. समीर खाली रंगाचा डबा धरून उभा. जुनी अक्षरं पांढऱ्या रंगाखाली गेली होती आणि नवी ओळ जवळजवळ पूर्ण झाली होती.

"पायवाटेने वर गेल्यावर डाव्या हाताला वाढलेले गाजर गवत उपटून नेण्यास सक्त मनाई आहे."

"काकू, 'भरपूर' राहिलं," समीर म्हणाला.