बिनचहाचं दुकान

आयर्लंडात किराणा दुकान काढून चहा न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. चहा नाही, कॉफी नाही, सिगारेट नाही, बिअर नाही. वर रविवारी कुलूप. मलिंगार गावातल्या मॉर्मन ख्रिस्ती मंडळींचा हा म्होरक्या. सगळे त्याला एल्डर म्हणत. त्यांच्या पंथात हे सगळं वर्ज्य. गिऱ्हाईक दूध-बिस्किटं घेऊन चहा शोधायचं, नाही म्हटलं की दूधही ठेवून जायचं.

मी गोदीत मजुरी केलेला माणूस. इंग्रजी मोडकं, पण भांडायला पुरतं. म्हटलं, "अरे बाबा, तू पिऊ नको. विकायला काय जातं तुझं?"

"घरी पोरांना देत नाही, ते शेजाऱ्याला कसं देऊ?" हे त्याचं ठरलेलं. मग हसून सांगायचा, "अमेरिकेत आमच्या पहिल्या पुढाऱ्यांनीही दुकान काढलं होतं. थोडेच दिवस चाललं."

"आणि हे माहीत असून तू काढलंस?"

"ग्रँड चाललंय की!" दुकानात आम्ही दोघंच.

मुलाकडे राहायला आलो आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये माझी बायको, सुमन, इथंच गेली. विमानं बंद, परतता येईना. मुलगा-सून तिचं नाव काढत नसत. म्हातारा रडेल म्हणून. मला घरात बसवेना. चार घास गिळायचे की उठून दुकानाकडे.

एकदा एल्डरनं विचारलं, "मिसेस कशा आहेत?"

"मेली ती. सांगितलं होतं ना?"

"ते ठाऊक आहे. पण कशा आहेत?"

त्यांच्यात म्हणे लग्न मरणानंतरही टिकतं. माझं डोकं फिरलं. हातातली पिठाची पिशवी तिथंच टाकून निघालो. चौकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हटलं, "आमच्यात बायका वडाला सात जन्म हाच नवरा मागतात. हीही मागायची. वर म्हणायची, आठव्याला सुट्टी."

एल्डर मास्क घसरेपर्यंत हसला. मग रोज विचारायचा. मी रोज तिचं काहीतरी सांगायचो.

२०२१मध्ये दुकान बंद पडलं. फळ्या उतरवताना तो म्हणाला, "आता तिच्याबद्दल कुणाशी बोलशील?"

"तुला काय करायचंय?" म्हटलं आणि तरातरा घरी आलो.

रात्री जेवताना मुलाला म्हटलं, "आईबद्दल बोल काहीतरी. रडलो तर रडू दे."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "आईच्या आमटीत मीठ कमी असायचं."

"गाढवा, जास्त असायचं!"

"बाबा, कमी!"

सून मध्ये पडली, तीही भांडली. हात वाळले, तरी मी पानावरून उठलो नाही.