आत्याचा पासवर्ड

माझ्या आत्याला फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि तिला काही शिकवू शकेल असाही. पेणमध्ये मी वयस्कर मंडळींना मोबाईल शिकवते. माझे बाकीचे विद्यार्थी गुणी आहेत, पण रोह्याला लागून वरसे गावात राहणारी ही सख्खी आत्या माझी पार अब्रू घालवते. अनोळखी लिंकला हात लावायचा नाही, एवढंच मी सांगितलं, तर बाईनं ओळखीच्यांनाही वाळीत टाकलं. मी सकाळी गुलाबाचं चित्र पाठवलं की लगेच फोन करून विचारणार, "तूच पाठवलंयस ना गो? मग उघडते." फोनला डोळा असतो हे कळल्यापासून साडी बदलताना ती त्याला पालथा घालते, वर रुमालही टाकते. एखाद्या ॲपनं परवानगी मागितली की त्यालाच मोठ्यानं विचारते, "कशाला हवी रे तुला?" उत्तर आलं नाही की 'नाही' दाबून मोकळी.

अशी ही बाई परवा फसता फसता वाचली. मी तिच्या स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. बाहेर तिचा फोन वाजला. तो ती कानाला लावत नाही, स्पीकरवरच बोलते, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. बँकेतून बोलतोय म्हणणारा एक माणूस सांगत होता, खातं आजच बंद होणार, चालू ठेवायचं तर पासवर्ड सांगा. तिची पेन्शन त्याच खात्यात येते आणि दूध-किराणा सगळं तिच्यावरच चालतं. आत्या लगेच तयार झाली.

"सांगते, पण नाव कसं घेऊ?"

"नाव नको मॅडम, पासवर्ड."

"तेच ते. आमच्या ह्यांचं नाव हाय."

"मग घ्या ना पटकन."

"असं कसं? उखाण्याबिगर मी कधी घेतलं नाय." आणि घसा साफ करून तिनं सुरुवात केली, "कुंडलिकेच्या काठी हिरवीगार शेती..." मी धावत जाऊन फोन बंद केला नसता, तर पुढच्या ओळीला पेन्शन गेली असती.

मग मी तिला चांगलीच झापली. नवऱ्याचं नाव कुणी पासवर्ड ठेवतं का? चोर आधी तेच लावून बघतो. आजच्या आज बदल. एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणाऱ्या आत्यानं फोन माझ्या हातातून काढून पदराखाली घेतला.

"बाकी कायपण बदल गो," ती म्हणाली, "ते राहू दे. ते होते तवा 'अहो' म्हणण्यातच जन्म गेला. आता मला उखाणा घ्यायला कोण सांगतंय? इथं तरी रोज त्यांचं नाव लिहिते."

नाव राहू दे, पण मागंपुढं भरपूर आकडे नि खुणा जोड, कुणाला सांगू नकोस, मलासुद्धा नको, एवढं सांगून मी तिच्याकडे पाठ केली. थोड्या वेळानं मागून हळू आवाज आला. एकेक अक्षर शोधत, जोडत, आत्यानं तिच्या 'ह्यांचं' नाव घेतलं. तिच्या तोंडून ते असं नुसतं, उखाण्याशिवाय, मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पासवर्ड टाकताना तोंडानं म्हणायचा नसतो, हे मी वर्गात सगळ्यांना बजावून सांगते. तिला नाही सांगितलं.