छावणीतल्या गोचीडमावशी

गोचीडमावशी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. तुम्ही बैल घेऊन उभे असलात की त्यांची नजर बैलाच्या कानात, गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्यात, नाहीतर शेपटीच्या बुडाशी असायची. ख्यालीखुशाली तुमची विचारायच्या, पण बोटं बैलाच्या अंगावर चाललेली असायची.

बहात्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यातल्या एका गुरांच्या छावणीवर माझी पहिली नेमणूक झाली. मी नवाकोरा जनावरांचा डॉक्टर. पहिल्याच दिवशी या बाईंनी माझ्या कॉलरवरून काहीतरी चिमटीत धरून काढलं. मी दचकलो.

"गोचीड हाय, डाक्टर. घाबरू नगा. छावणीत आला, म्हंजी आता तुमीबी दावणीलाच."

आजूबाजूची माणसं हसली आणि माझा नवेपणा तिथेच गळून पडला.

मावशी पन्नाशीच्या असतील. मुलगा-सून पाझर तलावाच्या कामावर जात, आणि या हौशा नावाच्या एकुलत्या एका बैलाला घेऊन छावणीत राहत. राहुरीकडून आलेले उसाचे वाढे हौशापुढे टाकले की त्या रांगेनं निघायच्या. जनावर कुणाचंही असो, त्या गोचिडी वेचायच्या. हातात एक फुटकं खापर, त्यात निखारे. गोचीड निखाऱ्यावर पडली की फट् आवाज व्हायचा आणि मावशी मान हलवायच्या. कुणी गोचीड काढून नुसतीच मातीत भिरकावली की मात्र त्या भडकायच्या. "अरं, टाकली कुठं? ती काय मेली व्हय? आता एकीच्या हजार व्हत्याल!"

हे मी कॉलेजात पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकातलं ज्ञान अडाणी बाईच्या तोंडून आलं की आपण ते ऐकत नाही, कौतुकानं हसतो. मीही हसलो होतो.

छावणीत शब्बीरभाई नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी जर्सीच्या संकराची गाय आणली होती, बिजली. तेव्हा अशी गाय म्हणजे नवलाई. शब्बीरभाईंची तीन पोरं त्या दुष्काळात तिच्या दुधावर तगून होती. बिजली शेजारच्या दाव्याला आली तशी मावशींनी हौशाला सोडलं आणि पार टोकाला, उन्हात नेऊन बांधलं.

"सावली सोडून तिकडं का नेलात?" मी विचारलं.

"ह्याच्या अंगावरची गोचीड तिला बाधंल. हा गावरान हाय, ह्यानं सोसलंय. ती लेक नाजूक हाय. तिला न्हाई सोसायचं."

"मावशी, तुमचा बैल तर ठणठणीत आहे. ठणठणीत जनावरापासून कसला आजार होणार?"

जनावरं क्रमानं बांधायची असा माझा नियम होता. हौशाला परत बिजलीशेजारी आणायला मी लावलं. मावशींनी त्याला आणून बांधलं. मग दिवसाकाठी दोनदा बिजलीचं अंग तपासू लागल्या. पण छावणीत चारशे जनावरं, आणि हात दोनच.

दीडएक महिना गेला असेल. एका सकाळी शब्बीरभाई धावत आले. "डॉक्टरसाहेब, बिजली लाल मुतती हो!"

मी पोचलो तर बिजली मान टाकून बसलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं पुसत होत्या. माझ्याकडे वर बघितलंही नाही. मी कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, आणि औषध व मायक्रोस्कोप आणायला शिपायाला तालुक्याला पिटाळलं. तो येईपर्यंत दुपार टळली. मी ते पिवळं इंजेक्शन टोचलं. शब्बीरभाई नुसते उभे होते. मावशी गायीच्या कानाशी पुटपुटत होत्या, "ऱ्हा गं बाय. ऱ्हा एवढी येळ."

तिसऱ्या दिवशी बिजली उठली, वाढ्याला तोंड लावलं. मी मावशींपुढे जाऊन म्हणालो, "चूक माझी झाली. हौशाला तिथे मीच बांधायला लावलं."

"व्हय, चुकलंच," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. "एक इचारू का, डाक्टर? लाल मुतायचं कारण समदं गोचिडीतच आसतं? पायगुण-बियगुण काय नसतंय ना?"

मग त्यांनी सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा चौदा वर्षांच्या. त्याच सुमारास सासऱ्यांनी नगरच्या कॅम्पातल्या एका साहेबाची विलायती गाय हौसेनं आणली होती. दोन महिन्यांत ती लाल मुतून मेली. नवरी पांढऱ्या पायाची, असं सासू म्हणाली. पुढे कुणाचं काही बिनसलं की तेच. त्यांना कुणी गोठ्यात जाऊ देईना. "मी बघितलं हुतं, त्या गायीच्या कानात गोचिडीच गोचिडी. पर माझं कोन आयकनार?"

मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. बिजलीच्या रक्ताची, रंग दिलेली काच आरशाच्या उजेडात धरली. रक्ताच्या तांबड्या चकत्यांमध्ये जोडीजोडीनं बसलेले निळसर थेंब, गोचिडीनं रक्तात सोडलेले जंतू, त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढंसं?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशानं केलं समदं?"

दुसऱ्या दिवशी त्या छावणीत नव्हत्या. संध्याकाळच्या आत परतल्या, त्या एका अगदी वाकलेल्या म्हातारीला हाताला धरून. सहा मैल चालत आणलं होतं तिला. सासू-सासरे, नवरा, दीर, सगळे गेलेले. त्या वेळच्या माणसांतली एवढी थोरली जाऊच उरली होती.

"आक्का, ह्यात बघा. आपली साहेबाची गाय ह्यानं मेली."

म्हातारीनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले मला स्पष्ट दिसत होते. तिला उजेडाखेरीज काहीही दिसणं शक्य नव्हतं. मी आरसा उजेडाकडे वळवून धरला. म्हातारी खूप वेळ तशीच वाकून राहिली. मग चाचपडत तिनं मावशींचा हात शोधला.

"दिसलं गं बाय," ती म्हणाली. "चांगलं दिसलं मला. तुझं काय बी नव्हतं त्यात."

मावशी तिथेच मातीत बसल्या आणि आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारख्या हमसून रडल्या. आक्कांची बोटं त्यांच्या पिकल्या केसांतून फिरत होती.