आपल्याएवढी सावली

बारावीच्या गणित प्रकल्पाला आमच्या सरांनी भलताच नियम काढला होता. जोडीतल्या एकीनं लिहायचं आणि दुसरीनं बोलायचं. लिहिणारीनं तोंडी परीक्षेत चकार शब्द काढायचा नाही. मला म्हणाले, "तुझं अक्षर चांगलंय, तू लिही." झालं! आणि बोलायला जोडीदार कोण, तर आमच्याच भवानी पेठेत दोन गल्ल्या पलीकडे राहणारी माझी मैत्रीण, जी आदल्या वर्षी गणितातच उडाली होती. माझे मार्क तिच्या जिभेवर! मी घरी येऊन दप्तर आपटलं.

पण खरी वेळ तिच्यावर आली होती. तिला फार्मसीला जायचं होतं. तिचे अब्बा टेम्पो चालवायचे, माणूस मायाळू, पण त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, आणखी एकच वर्ष. या खेपेलाही गणित राहिलं तर फार्मसी विसरायची आणि अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायचं. आदल्या वर्षी ती वर्गात प्रत्येक गोष्टीला "समजलं सर, समजलं सर" करत राहिली आणि परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारल्यावर तिची दातखीळ बसली. म्हणून आता तिनं पक्कं ठरवलं होतं, खरंच समजल्याशिवाय समजलं म्हणायचं नाही. आणि हा सगळा जाच माझ्या वाट्याला.

आमचा विषय होता व्यस्त त्रिकोणमितीय फलनं. नाव ऐकूनच घाम फुटतो, गोष्ट साधी आहे. एरवी कोन दिला की त्याचा साइन काढतो. इथं उलटं, साइन दिला की कोन शोधायचा. इथवर तिला पटलं. पण पंचेचाळीस अंशांचा साइन आणि एकशे पस्तीस अंशांचा साइन एकच येतो, मग उलटं जाताना पंचेचाळीसच का म्हणायचं?

"पुस्तकात तसंच दिलंय. उणे नव्वद ते नव्वद यातलाच कोन घ्यायचा."

"का पण?"

"का म्हणजे? तसा नियम आहे!"

"नाही समजलं," ती शांतपणे म्हणायची. असा राग यायचा, काय सांगू! कारण मलाही तेवढंच माहीत होतं.

आमची आई ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून दुकानांना द्यायची. थंडीत त्या गच्चीवर वाळत पसरलेल्या असायच्या. त्या उचलायची तिची खूण ठरलेली, सावली आपल्याएवढी झाली की उचलायच्या, कारण मग शेजारच्या टाकीची सावली पडून गच्ची गार होते. एका रविवारी आई माल द्यायला गेली. जाताना जिन्यातूनच ओरडली, "पोरींनो, सावली आपल्याएवढी झाली की भाकऱ्या उचला बरं का!" मी खाली आंघोळीला गेले. मैत्रीण वर वाचत बसली होती.

परत आले तर गच्ची मोकळी! सकाळचे अकराही झाले नव्हते. बाईसाहेबांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण केली, चक्क आडवी पडून स्वतःला मापलं, आणि बरोबर आपल्याएवढी भरल्यावर सगळ्या अर्धवट वाळलेल्या भाकऱ्या डब्यात भरून वर झाकण लावलं. माझं डोकंच फिरलं.

"अगं बये, अक्कल कुठं ठेवून आलीस? ही सकाळची सावली! दुपारची म्हणायचं होतं तिला!"

"काकू बोलल्या का दुपारची म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्यांना माहितीय की!"

"मला नव्हतं माहिती," ती म्हणाली. मग डब्यातून भाकऱ्या काढता काढता एकदम थांबली. "ए, तुझ्या त्या साइनचं हेच झालंय ना? सूर्य तेवढाच वर, पण दिवसातून दोनदा. नुसती उंची सांगितली तर वेळ कशी कळणार? आधी ठरवायला नको?"

मी हातातली भाकरी खाली ठेवली. मग आम्ही दोघींनी तिथंच खडूनं गच्चीवर मोठं वर्तुळ काढलं. सूर्य पूर्वेला उगवतो आणि सरळ डोक्यावरून जातो असं धरलं. कोन पूर्वेपासून मोजायचा, सूर्याची उंची म्हणजे साइन. मध्यरात्री तो पायाखाली, उणे नव्वद. उगवताना शून्य. भर दुपारी नव्वद. या अर्ध्या फेरीत प्रत्येक उंची एकदाच येते, गोंधळ नाही. पुस्तकातला तो रुक्ष नियम एवढंच सांगत होता, मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचंच बोला.

"समजलं," ती म्हणाली. त्या महिनाभरात पहिल्यांदा! मी तिला मिठीच मारली. आईला कळलं तेव्हा तिनं डोक्याला हात लावला आणि हसत हसत सगळ्या भाकऱ्या पुन्हा पसरल्या.

तोंडी परीक्षेला त्याच मॅडम आल्या. मैत्रिणीनं मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचं सगळं नीट सांगितलं. या वेळी कुठंच अडली नाही. मॅडम म्हणाल्या, "छान. मग कॉसला शून्य ते एकशे ऐंशी का घेतात? त्यालाही उणे नव्वद ते नव्वद का नाही?"

कॉस आम्ही केलाच नव्हता. मी तो नुसता पुस्तकातून उतरवला होता, आणि आता तर मला बोलायचीही बंदी. मला वाटलं, संपलं. गेली फार्मसी.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "साइनला फक्त उंची कळते. कॉसला बाजू कळते, सूर्य किती पूर्वेला, किती पश्चिमेला. म्हणून त्याला उगवतीपासून मावळतीपर्यंत अख्खा दिवस चालतो, कुठली किंमत दोनदा येत नाही. तुम्ही म्हणताय तसं घेतलं तर सूर्य पश्चिमेला जाणारच नाही, आणि रात्रीची पूर्व दिवसाच्या पूर्वेत मिसळेल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिनं."

मी तोंड उघडलं, पण सर मागे उभे होते. नियम म्हणजे नियम. त्या दिवशी मला तो मोडायचा होता, तिचं ते वाक्य खोडायचं होतं, आणि मी नुसती तिच्याकडे बघत उभी राहिले, डोळे भरून आले तरी.

ती पास झाली. फार्मसीला गेली, आता दुसऱ्या वर्षाला आहे. मी गणित घेऊन शिकतेय आणि संध्याकाळी बारावीच्या चार मुलींची शिकवणी घेते. त्यांना उलटे कोन शिकवायची वेळ आली तेव्हा मी गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. एकीनं विचारलं, "ताई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" या वेळी मला कुणाची बंदी नव्हती. मी तिचं नाव सांगितलं.