माझ्या हातचं तीर्थ

देवावर रागवायचं नसतं, असं लहानपणापासून ऐकत आलो. त्या वर्षी मी रागावलो होतो, आणि ते लपवणार नाही.

बिडकीनजवळच्या आमच्या गावात महादेवाची पूजा आम्हा दोघा भावांकडे. एक महिना दादाची पाळी, एक माझी. मी शहरात नोकरीला, तरी पाळीच्या महिन्यात पहाटे मोटारसायकल काढायचो. वाटेत कारखान्यांसाठी रस्ते रुंद होत होते. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. देवळाची विहीर आटली, अभिषेक एका तांब्यावर आला. त्यातच माझ्या हातांवर सोरायसिस उमटला. लाल चट्टे, त्यावर पांढरे पापुद्रे. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. दादा भर सभामंडपात म्हणाला, "तुझ्या हातचं तीर्थ कोण घेईल? पाळी सोड." त्याला हा देवाचा कोप वाटत होता. तीस वर्षं ज्याला आंघोळ घातली, त्याचा माझ्यावर कोप?

दवाखान्यात रक्त तपासलं, तर चरबी भलतीच वाढलेली. मी तळलेलं खात नाही, तूपही बेताचंच. डॉक्टर म्हणाले, सोरायसिसवाल्यांत हे बरेचदा दिसतं. काही भाग आईबापांकडून रक्तातच येतो, दोन्हींची मुळं कुठे जुळतात ते अजून शोधतायत. म्हणजे जन्मतःच शिक्षा. मी आणखी भडकलो.

रक्त घेणाऱ्या बाईंनी माझा हात न कचरता धरला होता. निघताना त्यांनी विचारलं, भाऊ आहे का. मग म्हणाल्या, "त्यांचं बी रक्त तपासा. चट्टे दिसतात, चरबी दिसत नाय."

मी दादाकडे गेलो तो मायेने नव्हे. तुझंही रक्त माझ्यासारखंच आहे, असा कागद मला त्याच्या तोंडावर फेकायचा होता. म्हणालो, रक्त तपासून घे, मी पाळी कायमची सोडतो. तो लगेच तयार झाला. तेच फार लागलं.

त्याची चरबी माझ्याहून जास्त निघाली. पुढच्या तपासण्यांत हृदयाची एक शीर जवळजवळ बंद सापडली. उपचार वेळेत झाले, दादा वाचला. कागद फेकायचं राहूनच गेलं. त्या बाईंचे आभार मानायला गेलो, तर त्यांना मी आठवतही नव्हतो. सगळ्यांनाच सांगते, म्हणाल्या.

श्रावणात दादाची पाळी होती. मी मुद्दाम बाहेरच उभा होतो. त्याने सगळ्यांदेखत मला गाभाऱ्यात बोलावलं आणि तांब्या हातात दिला. अभिषेक केला. तीर्थ द्यायला वळलो, तर पहिला तळवा दादाचाच. पळीत माझ्या हाताचा एक पापुद्रा पडला. त्याने पाहिला, आणि तीर्थ प्याला.

माझा द्वेषसुद्धा देवाने कामाला लावला, याची कृतज्ञता शब्दांत मावत नाही. राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. पण पाळी पुन्हा माझ्याकडे आली आहे, आणि उरलेला राग मी माझ्या महिन्यात पिंडीवर पाण्यासोबत रोज वाहतो. त्याचं काय करायचं ते तो बघेल.