तास बघणारे गजभारे सर

लातूरला इंग्रजीच्या शिक्षकांचे प्रशिक्षण होते. इंग्रजी कसे शिकवावे, यावर मी ऐटीत बोलत होतो. मागून एक गृहस्थ उठले नि म्हणाले, "समदं बेस हाय हो, पण ह्यात लेकरं कुठं हायत?" नांदेडच्या गजभारे सरांची आणि माझी ती पहिली ओळख. आज सर पंचाहत्तरीचे झाले, पण मला धक्के देणे काही त्यांनी थांबवलेले नाही.

त्यातला मोठा धक्का सांगतो. माझी धाकटी बहीण सुनंदा किनवटकडच्या एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी तिने मोबाइलवर जाहिरात पाहिली: इंग्रजी अध्यापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घरबसल्या, शिवाय परदेशात नोकरीची हमी. झाले! बाईसाहेब हुरळल्या आणि कायम नोकरीचा राजीनामा द्यायला निघाल्या. मी तिला तडक सरांकडे नेले. सरांनी उपदेश केला नाही. "लाव बाई त्येंना फोन," एवढेच म्हणाले.

फोनवर त्या कोर्सचे मुख्य प्रशिक्षक आले. चांगले मराठी बोलत होते. सरांनी अदबीने विचारले, "आमच्या बाईंचा तास कोण बघणार?"

"तास बघायची गरजच नाही सर. सगळे तास स्क्रीनवर आपोआप मोजले जातात."

अरे बाप रे! शिक्षकांना शिकवायला बसलेल्या माणसाला तास म्हणजे फक्त घड्याळातला तास ठाऊक!

"तसं न्हाई हो. वर्गात शिकवताना मागं बसून कोण बघणार?"

"वर्ग कशाला? यात मुलं नसतातच."

सुनंदाचा चेहरा उतरला. सरांनी फोन ठेवला. "मान्यता कुणाची, ते इचारायचंच. पण पयले हे इचार, लेकरांसमोर उभं करतेत का न्हाई?"

राजीनामा राहिला, पण सुनंदा गप्पगप्प झाली. आठवड्याने तिचा फोन आला, "दादा, सर इथं आले होते!" या वयात सर एकटे रेल्वेने किनवट गाठून तिच्या शाळेत गेले होते. परवानगी घेऊन शेवटच्या बाकावर बसले, पूर्ण तास पाहिला आणि म्हणाले, "त्या पोरीला उत्तर येत व्हतं, तू मधीच बोललीस. बाकी झकास."

एवढे सांगून सुनंदा फोनवर ढसाढसा रडायला लागली. "दादा, इतकी वर्षं शिकवून राहिले, माझा तास कधी कुणी बघितलाच न्हाई. ते प्रमाणपत्र त्याच्यासाठीच पायजे होतं."

सख्ख्या भावाला जे उमगले नाही, ते सरांना कसे उमगले असेल?

सर, उमरीपासून निलंग्यापर्यंत अशा कितीतरी सुनंदा आपली वाट पाहत आहेत. आपण शंभरी ओलांडावी, प्रकृती ठणठणीत असावी. गुडघे तेवढे जपा; आपल्या शाळांतले मागचे बाक फार बुटके असतात.