हरवलेला अर्धा किलो

आमच्या समन्वय कक्षात एक बाई होत्या. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मला लिहिता येतं असं नाही, पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं काढली, म्हणून धीर करतो.

अमली पदार्थ पकडण्याचं काम सरकारात चार ठिकाणी वाटलेलं: कस्टम, पोलीस, टपाल आणि सरकारी प्रयोगशाळा. दर बुधवारी चौघांचे प्रतिनिधी आमच्या लांबट खोलीत बसत, चहा पीत आणि "आमच्याकडून अहवाल गेलाय" असं सांगून उठत. ते अहवाल एकमेकांशी पडताळून पाहायचं काम बाईंचं. त्या कागदाला कागद जोडत आणि विचारताना टोचत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना टाचणी म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं.

एका शुक्रवारी सरकारी वकिलांचा फोन आला. टपालातून आलेल्या एका पार्सलात पांढरी पूड सापडली होती आणि मागवणारा माणूस कोठडीत होता. कस्टमच्या पंचनाम्यात वजन बारा किलो चारशे साठ ग्रॅम, पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत अकरा किलो नऊशे साठ. आरोपीचे वकील कोर्टात म्हणाले होते, "अर्ध्या किलोचा पत्ता नाही, मग उरलेला माल तरी खरा कशावरून?" न्यायाधीशांनी गुरुवारपर्यंत मुदत दिली होती. उत्तर आलं नाही तर माणूस सुटणार.

दोन वर्षांपूर्वी असाच एक जण सुटला होता. तेव्हा बाई फाईल मांडीवर घेऊन कोर्टात मागच्या बाकावर होत्या. आता फोन ठेवून त्या मला एवढंच म्हणाल्या, "या वेळी नाही."

त्यांनी आधी कस्टमच्या साहेबांना फोन लावला.

"आमचा काटा सरकारी आहे, बाई. पोलिसांना विचारा."

पोलीस इन्स्पेक्टर म्हणाले, "आमचा काय भाजीवाल्याचा आहे?"

"दोघांचेही काटे बरोबर असतील," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही काट्यावर ठेवलं काय?"

तिथे गोम निघाली. कस्टमनं पार्सल आलं तसं, खोक्यासकट तोललं होतं. पोलिसांनी खोकं काढून नुसती पूड तोलली, तीही प्रयोगशाळेला वीस ग्रॅम नमुना दिल्यावर. दोघांच्या नियमात तेच होतं आणि दोघांच्या छापील तक्त्यात 'वजन' एवढा एकच रकाना होता. नमुन्याची पावती होती. म्हणजे खोकं चारशे ऐंशी ग्रॅम भरायला हवं. पण खोकं कुठे?

"ते कचऱ्यात गेलं असणार," कस्टमचे साहेब म्हणाले. पोलिसांनाही तसंच वाटत होतं.

शनिवार-रविवार बाईंनी घरी पंचनाम्याची प्रत पुढ्यात घेऊन काढले. मुलगी म्हणाली, "आई, ते बारा किलो आपल्याकडे राहायलाच आलंय का? मग त्याचंही ताट वाढते."

बाई हसल्या, पण प्रत खाली ठेवली नाही. रविवारी संध्याकाळी त्यांना शेवटच्या ओळीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असल्याचा उल्लेख दिसला. खोट्या पत्त्याची चौकशी टपाल खात्याची. त्यांना खोकं लागणारच!

सोमवारी टपालवाले अधिकारी म्हणाले, "आहे की आमच्या कपाटात. कुणी विचारलंच नाही." बुधवारच्या बैठकीत ते नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि त्यांच्यापर्यंत पाळी येण्याआधीच चहा संपे.

कोर्टाची परवानगी काढून बुधवारी सकाळी चौघांना मुद्देमाल खोलीत बोलावलं. एकच काटा. पूड अकरा किलो नऊशे साठ. नमुना वीस. खोकं चारशे बहात्तर.

"आठ ग्रॅमच कमी," इन्स्पेक्टर म्हणाले. "सोडा बाई, एवढं चालतं."

"कोर्टात नाही चालणार. मागच्या खेपेला तो सुटला तेव्हा फरक अर्धा किलोसुद्धा नव्हता, पाव किलोच होता."

बाईंनी खोकं हातात घेऊन फिरवलं. एका बाजूला चौकोनी तुकडा कापलेला होता. त्यांनी टपालवाल्यांकडे पाहिलं. ते ओशाळून म्हणाले, "पत्त्याची चिठ्ठी आम्ही फाईलला लावतो." फाईल आणायला माणूस धावला. चिठ्ठी, तिच्याखालचा पुठ्ठा आणि वरचं प्लास्टिक मिळून आठ ग्रॅम भरले.

कस्टमचे साहेब आधी सही करेनात. वरिष्ठांना विचारायचं होतं. बाईंनी फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "विचारा. मी इथेच आहे." वीस मिनिटांनी एकाच कागदावर चौघांच्या सह्या झाल्या. माझ्या आठवणीत तसं प्रथमच घडलं.

गुरुवारी सरकारी वकिलांनी तो कागद वाचून दाखवला. न्यायाधीशांनी विचारलं, "वजनाबद्दल आणखी काही?" आरोपीचे वकील कागद खालीवर करत राहिले आणि मग बसले. तो माणूस पुन्हा कोठडीत गेला.

बाहेर व्हरांड्यात कस्टमच्या साहेबांनी बाईंना गाठलं. सकाळी आणखी एक पार्सल पकडलं होतं, काट्यावर चढवायचंच बाकी होतं.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "चौघं जमेपर्यंत तसंच राहू दे. मी टपालवाल्यांना घेऊन येते."